गड्ड्याचे दिवस आणि जुळ्या सोलापुरातले एक घर

पौष लागतो, पहाटेच्या गारठ्याला धार येते, होम मैदानावर आकाशपाळण्यांचे सांगाडे उभे राहू लागतात आणि सोलापूरकरांच्या बोलण्यात एकच शब्द वरचेवर येऊ लागतो – गड्डा. ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वरांच्या यात्रेचे हे लौकिक नाव. परगावच्या पाहुण्यास तो शब्द मोठा रांगडा वाटतो. परंतु पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या सोलापूरकराच्या कानी तो पडला, की त्याचा हात रजेच्या अर्जाकडे वळतो, असा आमचा अनुभव आहे.

बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे महात्मा बसवेश्वरांचे समकालीन. सोन्नलगी ह्या तेव्हाच्या लहानशा गावात त्यांनी तलाव खोदविला, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि कन्नड भाषेत वचने रचली. त्यांच्या अंगणात नित्य सडा-रांगोळी घालणाऱ्या एका कुंभारकन्येचे मन त्यांच्या ठायी जडले. योगी संसारात पडावयास तयार नव्हते. पण तिचा निर्धार पाहून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास अनुमती दिली, आणि पुढे तिने अग्निप्रवेश केला, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. यात्रेतील सारे विधी ह्या कथेभोवती गुंफलेले आहेत. भोगीच्या दिवशी उंचच उंच सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसरे दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. तिसरे दिवशी होम मैदानावर होमप्रदीपन. बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्येची प्रतिमा तेथे अग्नीस अर्पण केली जाते. मग शोभेचे दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी. शुभ्र धोतर आणि बाराबंदी घातलेल्या सेवेकऱ्यांच्या खांद्यांवरून नंदीध्वज डोलत निघाले, की 'हर्र बोला हर्र'चा घोष ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात. संसार नाकारणाऱ्या योग्याच्या विवाहास लक्षावधी संसारी माणसे अक्षता घेऊन धावत जातात, ही गोष्ट आम्हांला दर वर्षी नव्याने विस्मयात टाकते.

हे सारे वर्णन विशेष पानावर दर वर्षी येते, आणि यावेच. आज मात्र वाचकांना आम्ही मिरवणुकीच्या मार्गावरून थोडे दूर, रेल्वेमार्ग ओलांडून जुळ्या सोलापुरात नेणार आहोत.

विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या परिसरात पसरलेली ही नवी वस्ती. नाव मोठे अर्थपूर्ण. पण जुळ्या भावंडांतील एक आठशे वर्षांचे आणि दुसरे कालपरवाचे, असा हा विलक्षण प्रकार आहे. जुन्या गावात पेठा आहेत, वेशी आहेत, वाडे आहेत, मानकरी आहेत. ह्या बाजूस सोसायट्या, नगरे, पाण्याच्या टाक्या आणि मंगल कार्यालये. मंगळवेढ्याचा शिक्षक, अक्कलकोटचा तलाठी, इंडीकडचा बँकेतला कारकून, पूर्व भागातून निघालेले तेलुगूभाषक विणकराचे कुटुंब, असे सारे येथे भिंतीला भिंत लावून राहतात. कोणाचाच कोणाशी वंशपरंपरेचा संबंध नाही. मग अशा वस्तीचे गाव होते तरी कसे? घरे बांधली म्हणून होत नाही, एवढे तर उघडच आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्या डोळ्यांसमोर एक घर येते. घर म्हणजे तीन खोल्यांचा जुना बंगला, पुढे हातभर अंगण, वर गच्ची. त्यात राहणाऱ्या दांपत्यास सारी कॉलनी अण्णा आणि अक्का म्हणते. दोघांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. अक्का प्राथमिक शाळेत शिकवीत होत्या. अण्णांचे घर मराठी, अक्कांचे माहेर कानडी. त्यामुळे भांडण कोणत्या भाषेत करावयाचे हे आजतागायत ठरलेले नाही, असे अण्णाच सांगतात.

अण्णांचा छंद मुलखावेगळा आहे. ते पाऊस मोजतात. सपाट बुडाचा, सरळ काठाचा एक पत्र्याचा डबा आणि शाळेतली पट्टी, एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रारंभ केला. पुढे काचेचे रीतसर पर्जन्यमापक आले. गच्चीवर ते अशा जागी ठेवले आहे, की ना भिंतीची आड, ना झाडाची. रोज सकाळी साडेआठ वाजता अण्णा जिना चढतात आणि वहीत आकडा लिहितात. सोलापुरात बहुतेक दिवशी तो आकडा शून्यच असतो. वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ह्या मुलखात, जेथे नळाचे पाणी गेली कित्येक वर्षे चार-पाच दिवसांनी एकदा येते, तेथे शून्य लिहिण्याचे व्रत चालविणे ही एक तपश्चर्याच म्हणावयाची. वहीत आणखी एक रकाना आहे, भाकणुकीचा. होमप्रदीपनाच्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू आणून त्याच्यापुढे धान्य, गाजर, पाने मांडली जातात आणि त्याच्या वागण्यावरून पुढील सालच्या पाऊसपाण्याचे भाकीत वर्तविले जाते. अण्णा ते भाकीत लिहून ठेवतात आणि शेजारी वर्षअखेरचा आकडा मांडतात. दोन्ही रकाने कितीदा जुळले, असे आम्ही विचारले, तेव्हा वही मिटवीत ते म्हणाले, "देवाची परीक्षा घेऊ नये. मी माझ्या डब्याची घेतो."

अक्कांचा कारभार खालच्या मजल्यावरचा. दर सोमवारी सायंकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत भजन असते. पंधरा-वीस बाया जमतात. अभंग होतात, तेलुगू देवीगीत होते, आणि सिद्धरामेश्वरांची वचने तर हटकून होतात. अडचण अशी होती, की निम्म्या जणींना कानडी लिपी वाचता येत नव्हती. अक्कांनी दोनशे पानी वही घेतली आणि सारी वचने देवनागरीत उतरवून काढली. एका पानावर मूळ कानडी उच्चार, समोरच्या पानावर मराठीत अर्थ. ज्या शब्दाचा अर्थ त्यांनाही उमगला नाही, तेथे पेन्सिलीने टिंब. पुढे कोणी जाणकार भेटला की टिंबाच्या जागी शब्द येतो. त्या वहीच्या आता छायाप्रती निघाल्या आहेत. शेजारच्या दोन सोसायट्यांतही तीच वही चालते. वीस वर्षांपूर्वी ज्या बाया एकमेकींना 'बी-सात' आणि 'सी-तीन' म्हणून ओळखत होत्या, त्या आज एकमेकींच्या बाळंतपणाचे डिंकलाडू वळतात. भजनाने देव भेटतो किंवा कसे ते थोर जाणोत, शेजारीण मात्र भेटते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

गच्चीवर पर्जन्यमापकाच्या बेताबेताने ठेवलेल्या रंगांच्या रिकाम्या डब्यांत शेवंती, मोगरा, अबोली आणि कुंपणाशी पांढरा चाफा. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना. सोमवारच्या भजनास येणाऱ्या प्रत्येकीच्या केसांत ह्या गच्चीवरचे एक तरी फूल जावे, हा अक्कांचा कटाक्ष.

असे हे दांपत्य २०२३ सालच्या उन्हाळ्यात एकाएकी पॅसिफिक महासागराच्या मध्यावर जाऊन पोहोचले. त्यांची एकुलती एक कन्या होनोलुलूस असते. आईवडिलांनी सहा महिने येऊन राहावे, असा तिचा आग्रह. 'आम्ही हवाईला चाललो' असे अण्णांनी सांगितले, तेव्हा शेजारच्या एका सद्गृहस्थांनी 'ह्या वयात हवाई खात्यात?' असे विचारल्याची कथा कॉलनीत अद्याप सांगितली जाते.

हवाई बेटे म्हटली की आपल्यासमोर नारळीचे किनारे आणि फुलांच्या माळा घातलेले प्रवासी येतात. अक्कांनी जे पाहिले ते निराळे. तेथील माळेस 'लेई' म्हणतात. ती चाफ्याचीही होते, आणि तो चाफा म्हणजे आपल्या देवळाच्या आवारातला पांढरा चाफाच. तो त्या बेटांचा मूळचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून तेथे गेला आणि आज त्याच्यावाचून त्या बेटांचे चित्र पुरे होत नाही. लेई कोणी प्रेमाने गळ्यात घातली तर देणाऱ्यादेखत काढावयाची नाही. सुकली तरी केराच्या टोपलीत टाकावयाची नाही, झाडास अडकवावयाची किंवा मातीत मिळवावयाची. अक्कांनी हे ऐकले आणि एका शब्दात निकाल दिला, "निर्माल्य." शेजारच्या जपानी वंशाच्या वृद्ध बाईंकडून त्या लेई ओवण्यास शिकल्या, बदल्यात त्यांनी तिला सुईवाचून, बोटांनी गजरा बांधावयास शिकविले. दोघींना समान अशी भाषा एकही नव्हती.

त्या बेटांवर उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपीन्स अशा दूरदूरच्या देशांतून मजूर आणले गेले. आमच्या सोलापुरात कापडगिरण्यांनी आणि मागांनी तेच केले. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून, मराठवाड्यातून कामगार आले. जेथे अशी माणसे एकत्र येतात, तेथे वस्तूंचेही वेगळेच नशीब उघडते. १८७९ साली मदेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी आपले चिमुकले तंतुवाद्य बरोबर आणले. त्यापासून घडलेले 'युकुलेले' आज हवाईचे राष्ट्रीय वाद्य वाटावे इतके तेथे मुरले आहे. अण्णांच्या कन्येने ते विलायती असल्याचे सांगितले, तेव्हा अक्का म्हणाल्या, "मग आपली पेटी कुठली सोलापूरची? तीही साहेबाकडचीच." खरेच आहे. फ्रान्समध्ये जन्मलेल्या हार्मोनियमवाचून आपले एक तरी भजन उभे राहते काय? परकी वस्तू आपली केव्हा होते, ह्याचे काही शास्त्र असावे. आम्हांस ते ठाऊक नाही, पण ते कागदपत्रांत नसून हाताच्या सवयीत असावे असा आमचा तर्क आहे.

अण्णांची मौज पावसाने केली. होनोलुलूतच वायकीकीच्या किनाऱ्यावर वर्षाचा पाऊस सोलापूरपेक्षाही कमी, आणि तेथून थोड्या मैलांवर मानोआ दरीच्या वरच्या टोकाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास. वारे डोंगरास धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि डोंगराच्या अंगावरच रिते होतात. किनाऱ्याच्या वाट्याला शिंतोडे. महाबळेश्वरास कोसळणारा पाऊस सोलापुरापर्यंत येईतो का आटतो, हे आयुष्यभर पुस्तकात वाचलेले गणित त्यांनी तेथे एका बसच्या फेरीत डोळ्यांनी पाहिले. कन्येच्या सज्जात त्यांनी लगेच एक डबा मांडला. काउआई बेटावरील इरैवन ह्या शिवमंदिरासही ते जाऊन आले. बंगळुरूजवळ हातांनी घडविलेल्या ग्रॅनाइटच्या शिळा समुद्रमार्गे नेऊन उभारलेल्या ह्या मंदिराची प्रतिष्ठापना मार्च २०२३ मध्येच झाली होती. त्या बेटावरील वायअलेअले पर्वत पृथ्वीवरील अत्यंत पावसाळी ठिकाणांत मोडतो. "महादेवाला अभिषेकाची चिंताच नाही," असे अण्णा म्हणतात. आणि त्यांच्या स्वरात सोलापूरकराची किंचित असूया असते.

ज्येष्ठी पौर्णिमेस अक्कांना वड हवा होता. वड तेथे विपुल आहेत. तेही भारताकडूनच गेलेले. एका बागेतील वडाला त्यांनी दोरा गुंडाळला, पारंब्यांच्या जाळ्यातून वाट काढीत प्रदक्षिणा घातल्या. खोड एवढे विस्तीर्ण, की सूत अपुरे पडले. तेव्हा सज्जात कपडे बांधावयाची दोरी अण्णांनी आणून दिली. पूजेस तिची गाठ चालते की नाही, ह्यावर दोघांचा वाद झाला. कोणत्या भाषेत, ते आम्ही विचारले नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ८ ऑगस्ट २०२३ रोजी, माउई बेटावरील लहैना हे प्राचीन गाव वणव्यात भस्मसात झाले. शंभराच्या आसपास माणसे दगावली. त्या गावाच्या मध्यभागी एक वटवृक्ष होता; १८७३ साली लावलेला, भारतातून आणलेला. तोही होरपळला. होनोलुलूत मदतीच्या वस्तूंचे ढीग जमू लागले. कन्येबरोबर अण्णा आणि अक्काही गेले. घोंगड्यांच्या घड्या घालणे आणि खोक्यांवर चिठ्ठ्या लावणे, एवढे काम त्यांना जमण्यासारखे होते. अक्कांनी आपल्या सामानातून भेट म्हणून नेलेली नवी सोलापुरी चादर त्या ढिगात ठेवली. काही आठवड्यांनी बातमी आली, की जळालेल्या वडाला पालवी फुटली आहे. अक्कांनी ते वृत्तपत्रातले चित्र कापून घेतले. ते आता वचनांच्या वहीत आहे.

सप्टेंबरात दोघे परतली, तेव्हा अण्णांना एकाच गोष्टीची धास्ती होती. वहीतला पावसाळा कोरा राहिला असणार. पाहतात तो रोजचा आकडा हजर! समोरच्या तेलुगू कुटुंबातील नववीतली मुलगी रोज सकाळी शाळेपूर्वी गच्चीवर जात होती आणि वहीत लिहीत होती. तिला कोणी सांगितले नव्हते. ते वर्ष अवर्षणाचे. बहुतेक ठिकाणी शून्यच. "शून्य लिहायला रोज जिना चढलीस?" असे अण्णांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही चढायचात ना, आजोबा." भजनही खंडले नव्हते. पेटी शेजारणीकडे जाऊन राहिली होती, एवढेच.

वाचकहो, ही सारी हकीकत आज सांगण्याचे कारण निराळे आहे. अण्णांचे गुडघे आता जिन्याला विरोध करतात. गेल्या पावसाळ्यात अक्कांना दोनदा रुग्णालयात न्यावे लागले. मध्यरात्री गाडी काढणारे समोरचेच होते, परंतु कन्येच्या जिवाला सहस्रावधी मैलांवर जो घोर लागला, त्याचे समाधान कोणता शेजारी करील? तिचे म्हणणे, घर विकावे आणि कायमचे तिच्याकडे यावे. बंगल्यास गिऱ्हाईकही आले आहे. मोक्याची जागा, पाडून तेथे सदनिका उठतील. रक्कम चांगली आहे. लेक चूक बोलते, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. ज्यांची मुले परदेशी आहेत, अशा जुळ्या सोलापुरातील किती घरांत आज हेच संभाषण चालू असेल, ते त्या घरांनाच ठाऊक. म्हातारपणी सांभाळणारे हात हवेत, आणि शिकवावे-शिकावे, द्यावे-घ्यावे असे माणूसही हवे. दोन्ही एका ठिकाणी मिळण्याचे भाग्य थोड्यांचेच.

अक्कांनी तूर्त एक युक्ती केली आहे. पौषात घराचे व्यवहार करू नयेत, असे सांगून त्यांनी गिऱ्हाइकाकडून महिन्याची मुदत मिळविली. अण्णा ह्या गोष्टींवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत, पण ह्या खेपेस ते काही बोलले नाहीत.

तेव्हा यंदाचा गड्डा त्या घरी नेहमीप्रमाणेच आहे. १२ जानेवारीस अण्णा हुतात्म्यांना वंदन करावयास जातील. १९३१ साली ह्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे सोलापूरचे चार सुपुत्र येरवड्यास फासावर गेले, आणि हा दिवस अण्णा कधी चुकवीत नाहीत. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, शेंगांची चटणी. आदल्या सायंकाळी भजनाच्या बाया ओसरीवर बसून तांदळास हळदकुंकू लावतील आणि पुड्या बांधतील. संमती कट्ट्याची गर्दी ज्यांना आता सोसत नाही, अशा कॉलनीतील वृद्धांसाठी ह्या पुड्या. तिकडे संमतीचे वाचन होईल त्या घटकेस इकडे गच्च्यांवरून, सज्ज्यांतून अक्षता पडतील. ही प्रथा कोणत्या ग्रंथात नाही. अक्कांनी पाय दुखू लागल्यावर सुरू केली.

यंदा अण्णाही गच्चीवरच असणार. होमाच्या रात्री भाकणूक ऐकून यावयाचे काम समोरच्या मुलीने पत्करले आहे. तिचे वडील तिला दुचाकीवरून नेणार आहेत. नव्या वहीवर रकाने आखून झाले आहेत. तारखांच्या रकान्याच्या माथ्यावर अण्णांचे अक्षर आहे, आणि भाकणुकीच्या रकान्याच्या माथ्यावर तिचे.